हे मॅलेट कुठले?

माथेरान दाखवायच्या माझ्या फेरीत मॅलेट स्प्रिंग या झऱ्यापाशी माणसं थांबवली की घोळक्यातून प्रश्न येतोच, "हे मॅलेट कोण?" त्याचं उत्तर दोन वाक्यांचं आहे. ह्यू पॉइंट्झ मॅलेट, ठाण्याचा कलेक्टर. १८५० च्या मे महिन्यात तो चौकहून या डोंगरावर चढला आणि माथेरान साहेबांच्या नकाशावर आलं. (धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून इथे होतेच, म्हणून 'शोध लावला' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.) पण मग एखादे काका पुढचा अस्सल आपला प्रश्न टाकतात, "ते झालं हो, पण मूळचे कुठले?"

एवढी वर्षं मी "इंग्लंडचे" म्हणून वेळ मारून नेत होतो. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज जरा ऐसपैस सांगतो.

मूळचे नॉर्मंडीचे. फ्रान्सच्या उत्तरेला सीन नदी जिथे समुद्राला मिळते तिथे आज ल आव्र नावाचं मोठं बंदर आहे. ग्राव्हिल हे गाव आता त्या शहराच्या पोटात गेलंय. अकराव्या शतकात विल्यम मॅलेट तिथला जहागीरदार होता. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक इंग्लंड जिंकायला निघाला तेव्हा हा त्याच्या बरोबर होता. हेस्टिंग्जला लढाई झाली, ड्यूक जिंकला आणि इंग्लंडचा राजा झाला. 'आमचे पूर्वज हेस्टिंग्जच्या लढाईत होते' असं सांगणारी घराणी इंग्लंडात पुढे उदंड झाली, पण ज्यांच्याबद्दल पुरावा आहे अशी नावं मूठभरच आहेत. मॅलेट त्यातला. लढाईत पडलेल्या इंग्लंडच्या हॅरल्ड राजाला पुरायचं काम ड्यूकने याच्यावर सोपवलं, असं त्या काळच्या वृत्तांतात लिहिलेलं आहे.

आता आडनावाकडे येऊ, कारण काकांचा प्रश्न खरा तिथेच आहे.

नॉर्मन सरदारांची बरीच नावं आपल्या 'कर'सारखी. नॉर्मंडीत ब्रिक्स म्हणून गाव आहे, तिथून निघालेले ते ब्रूस. तेच पुढे स्कॉटलंडचे राजे झाले. माझं आडनावही असंच, कोकणातल्या एका गावावरून आलेलं. एकदा हौसेने ते गाव बघायला गेलो. एसटीतून उतरून टपरीवर चहा घेतला, नाव सांगितलं. टपरीवाला हसला. म्हणाला, "या नावाचा इथे कोणीच नाही." बरोबरच आहे. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? 'कर' लागतो तो गाव सुटल्यावर, परक्या गावात.

मॅलेटांचं तसं नाही. ते आपल्या एकबोटे, वाघमारे यांच्या पंगतीतले. कुणातरी पूर्वजाला मिळालेलं टोपणनाव चिकटलं ते चिकटलंच. त्याचा अर्थ काय, यावर तीन मतं आहेत. एक म्हणतं हातोडा, म्हणजे शत्रूला ठोकून काढणारा. दुसरं म्हणतं, मालो नावाच्या संताच्या नावाचं लाडकं रूप. तिसऱ्या मतानुसार जुन्या फ्रेंचमधल्या 'शापित' या अर्थाच्या शब्दावरून. बायका-पोरांना सांगायला हातोडा बरा, पण माझा कौल 'शापित'ला. टोपणनाव ठेवतात ते सोबतचे लोक, आणि सोबतचे लोक सहसा कौतुकाने नाव ठेवत नाहीत.

विल्यमच्या नशिबात पुढे आलं तेही काही फार सुखाचं नव्हतं. राजाने त्याला सफक परगण्यात आय नावाच्या गावाभोवती मोठी जहागीर दिली. तिथे त्याने किल्ला बांधला. मग यॉर्कशायरचा शेरीफ म्हणून उत्तरेला पाठवलं. १०६९ मध्ये डेन्मार्कच्या डेन लोकांनी यॉर्क घेतलं आणि बायकोमुलांसकट याला कैद केलं. त्यातून सुटला, तर दोनेक वर्षांत गेलाच. कसा गेला, ते एका चमत्कारिक जागी सापडतं. १०८६ मध्ये राजाने सगळ्या इंग्लंडची जमीनमोजणी करवली, ते डूम्सडे बुक. आपला सातबाराच समजा. त्यात जमिनींच्या वादांत काही ठिकाणी कालनिर्देश असा येतो, की 'विल्यम मॅलेट दलदलीत गेला तेव्हा' ही जमीन त्याच्याकडे होती. पूर्व इंग्लंडातल्या ईली गावाच्या बाजूला दलदलीत लपून इंग्लिश बंडखोर लढत होते, बहुधा त्यांच्यावर चालून गेला तो परतलाच नाही. एका सरदाराचं मरण महसुली कागदात तारखेसारखं वापरलेलं. मला सगळ्या गोष्टीत हेच वाक्य सर्वांत आवडतं. त्याच नोंदवहीत त्याचा मुलगा रॉबर्ट याच्या नावावर एकट्या सफकमध्ये दोनशेहून जास्त गावांतल्या जमिनी दिसतात. दोन पिढ्यांत त्याही गेल्या.

नैर्ऋत्येला सॉमरसेटमध्ये मात्र नाव टिकलं, तेही जमिनीवर. शेप्टन म्हणजे मेंढ्यांची वाडी. मॅलेटांच्या ताब्यात आली म्हणून शेप्टन मॅलेट. सॉमरसेटमध्येच करी मॅलेट नावाचंही गाव आहे. रस्साभाताशी संबंध नाही, पण माझ्या फेरीत इथे हशा ठरलेला. १२१५ मध्ये जॉन राजाला मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद, पाळायला लावण्यासाठी जे पंचवीस सरदार नेमले, त्यात या करी मॅलेटचा विल्यम मॅलेट होता. म्हणजे आमचं आडनाव गावाने दिलं, आणि इथे आडनावाने गावाला नाव दिलं. उलटी गंगा. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडतील म्हणून सरकारी दप्तरखान्यातले जुने मोलाचे कागद बाहेर हलवले. डूम्सडे बुक ठेवलं ते शेप्टन मॅलेटच्या तुरुंगात. दलदलीत गेलेला विल्यम असा आपल्याच नावाच्या गावी वस्तीला आला.

फ्रान्समध्ये राहिलेले भाऊबंद ग्राव्हिल धरून बसले. त्यांच्यातला लुई मॅलेट द ग्राव्हिल पुढे फ्रान्सचा अॅडमिरल झाला. त्यांच्या कुलचिन्हाच्या ढालीवर तीन बकलं, तर सॉमरसेटच्या एन्मोर गावच्या मॅलेटांच्या ढालीवर तीन शिंपले. आणि १८१२ मध्ये नेपोलियन रशियात असताना पॅरिसात सत्ता उलथवायला निघालेला जनरल माले, तो यांच्यातला नव्हे. स्पेलिंग तेच, घराणं वेगळं. सगळे जोशी एकमेकांचे भाऊबंद नसतात, तसंच.

पुण्याचा संबंध येतो तो चार्ल्स वॉर मॅलेटमुळे. हा एन्मोरशी नातं सांगणाऱ्या मॅलेटांपैकी, ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. १७८६ मध्ये पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून तो पुण्यात आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर राहिला. समोर नाना फडणवीस. टिपूविरुद्धचा १७९० चा तह याच्याच हातून झाला. त्या दरबाराचं, सवाई माधवरावांसह, थॉमस डॅनियलने रंगवलेलं भलंमोठं चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्याची जुळवाजुळव पुण्यात केली होती जेम्स वेल्स या चित्रकाराने. वेल्स हिंदुस्थानातच वारला, आणि पुढे त्याच्या मुलीशी मॅलेटने इंग्लंडात लग्न केलं. मुलगे आठ झाले. त्यातला एक आपला ह्यू. दुसरा आर्थर, तोही मुंबई इलाख्यात अधिकारी होता. निवृत्तीनंतर १८८५ मध्ये त्याने घराण्याचा इतिहास जमवून छापला. प्रत्येक कुळात असा एक काका असतोच.

ह्यूने माथेरानला घर बांधलं, त्याचं नाव 'बाइक'. मोटारगाड्यांना बंदी असलेल्या डोंगरावर! स्कॉटिश बोलीत त्याचा अर्थ मधमाश्यांचं पोळं. त्याच्या पुतण्याचं, एडवर्ड मॅलेटचं, नाव लंडनमधल्या रस्त्याला आहे. लंडन विद्यापीठाचं सेनेट हाउस त्याच मॅलेट स्ट्रीटवर. आपली शिकायला गेलेली पोरं तिथून रोज जात असतील.

परवा हे सगळं सांगून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "पण त्यांना वाट कोणी दाखवली?"

चौकच्या पाटलांनी. दुसऱ्या दिवशी तेच बरोबर होते.

"मग पाटील पॉइंट कुठेय?"

तो नाहीये. चौक पॉइंट आहे. तिकडेच नेलं त्यांना मग.