भारतीय महिला फुटबॉल: दुष्काळ गुणवत्तेचा नव्हे, सामन्यांचा

5 जुलै 2025 रोजी चियांग माई येथे भारत आणि थायलंड यांच्या महिला संघांमधील सामना सुरू झाला, तेव्हा गुणतक्त्यात दोघांमध्ये तसूभरही फरक नव्हता. दोघांनीही मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक यांना हरवले होते, दोघांचेही 22 गोल झाले होते आणि दोघांवरही एकही गोल झालेला नव्हता. गटातून आशियाई चषकासाठी एकच संघ पात्र ठरणार होता. जागतिक क्रमवारीत थायलंड 46वा, भारत 70वा, शिवाय मैदान आणि प्रेक्षक थायलंडचे. 29व्या मिनिटाला संगीता बासफोरने लांबून मारलेला फटका जाळ्यात गेला, मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी साधली आणि 74व्या मिनिटाला पुन्हा संगीतानेच गोल करून सामना 2-1 असा जिंकून दिला. पात्रता फेरीतून आशियाई चषक गाठण्याची भारताची ही पहिलीच वेळ.

मात्र ‘पहिलीच वेळ’ या शब्दांमुळे हा संघ नवखा असल्याचा जो समज होतो, तो खरा नाही. 1980मध्ये कोझिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत, म्हणजे आजच्या आशियाई चषकात, यजमान भारताने उत्तर आणि दक्षिण असे चक्क दोन संघ उतरवले होते आणि त्यांपैकी दक्षिणेचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. 1983मध्ये भारत पुन्हा उपविजेता ठरला. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. त्या काळी महिलांच्या खेळाचा कारभार वेगळी संघटना पाहत असे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तो अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला, परंतु त्यामुळे संघाचे दिवस पालटले असे म्हणता येत नाही. 1997च्या आशियाई स्पर्धेत जपानकडून केवळ 0-1 असा हरलेला संघ पुढच्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई खेळांत चीनकडून 0-16 असा पराभूत झाला. 2009मध्ये तर दीर्घकाळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे भारताचे नाव जागतिक क्रमवारीतूनच वगळले गेले. सामने हरल्याने क्रमवारी घसरते हे समजू शकते. पण सामनेच न खेळल्याने नाव निघावे, याची जबाबदारी खेळाडूंवर टाकता येणार नाही.

2010 ते 2019 या काळात भारताने दक्षिण आशियाई अजिंक्यपद सलग पाच वेळा जिंकले. माझ्या मते या यशाने थोडी दिशाभूलही केली, कारण भूतानवर 18 गोल करून जपान किंवा व्हिएतनामशी खेळण्याची तयारी होत नाही. 2022 आणि 2024मध्ये नेपाळने भारताला उपांत्य फेरीत रोखले आणि दोन्ही वेळा विजेतेपद बांगलादेशाने नेले.

जानेवारी 2022मध्ये आशियाई चषक आपल्याकडे, मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे आला होता. डी. वाय. पाटील स्टेडियमवरील पहिल्या सामन्यात भारताने इराणच्या गोलक्षेत्रात वारंवार मुसंडी मारली, पण गोलरक्षक जोहरेह कुदेई बधली नाही आणि सामना 0-0 असा सुटला. त्यानंतर संघात करोना शिरला. चिनी तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवानविरुद्ध) उतरण्यासाठी किमान 13 खेळाडूही उपलब्ध नसल्याने तो सामना रद्द झाला, भारत स्पर्धेबाहेर गेला आणि इराणविरुद्धचा निकालही बाद ठरला. अनेक महिन्यांच्या सरावानंतर हातातोंडाशी आलेला घास असा गेला.

या पार्श्वभूमीवर तत्कालीन प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री यांच्या संघाने चियांग माईला मिळवलेला विजय मला मोठा वाटतो. याच थायलंडकडून 2023च्या हांगझोऊ आशियाई खेळांत भारत 0-1 असा हरला होता. मार्च 2026मधील ऑस्ट्रेलियातील स्पर्धेसाठी भारताला जपान, व्हिएतनाम आणि चिनी तैपेई यांच्या गटात स्थान मिळाले. यांपैकी जपान आणि व्हिएतनाम यांनी 2023मध्ये ताश्कंदला ऑलिम्पिक पात्रता फेरीत भारताला अनुक्रमे 7-0 आणि 3-1 असे हरवले होते.

हे अंतर कापायचे, तर वर्षभर सामने हवेत. 2024-25च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये, म्हणजे देशातील महिलांच्या अव्वल साखळी स्पर्धेत, आठ संघ होते आणि ते एकमेकांशी दोनदा खेळले, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला संपूर्ण हंगामात जेमतेम 14 सामने. त्या आठांत महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा एकही संघ नव्हता.