लेख लिहून झाला, आता तो सापडायला हवा

इंटरनेटवर टाकलेला मराठी लेख गूगलवर सापडावा आणि वाचला जावा, यासाठी काय करायचं ते बघू. उदाहरणाला मिळकतकरावरचा लेख घेऊ. पुण्यात स्वतः राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते आणि त्यासाठी महापालिकेचा पीटी-३ अर्ज भरतात, एवढं सांगायचंय. पण लेखाची सुरुवात होते ‘महानगरपालिका ही स्थानिक स्वराज्य संस्था असून…’ अशी. हातात बिल घेऊन बसलेला माणूस दुसऱ्या ओळीलाच मागे फिरतो. दिवाळी अंकात तीन पानांची प्रस्तावना खपून जाते, कारण अंकाचे पैसे मोजलेले असतात. इथे वाचकाने काहीच मोजलेलं नाही.

लिहिणं अडतं तेही बहुतेकदा विषय मोठा धरल्यामुळे. ‘मिळकतकर’ हा विषय नव्हे, ते अख्खं खातं झालं. ‘बिलात सवलत दिसत नाही, आता काय करायचं’ हा विषय. शेजारचे काका जिन्यात गाठून विचारतील ते पाच प्रश्न कागदावर उतरवा: सवलत कुणाला, भाडेकरू असेल तर काय, कागद कोणते, अर्ज द्यायचा कुठे, मुदत कधी. ज्याचं उत्तर येत नाही तो प्रश्न आधी क्षेत्रीय कार्यालयात विचारून या. तो गाळून लिहिलं तर ती पळवाट वाचणाऱ्याच्या बरोबर लक्षात येते.

मग क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, ‘टूल्स’मधून व्हॉइस टायपिंग घ्या, भाषा मराठी निवडा आणि काकांना सांगाल तसं बोला. पाच मिनिटांत पाचएकशे शब्द होतात. विरामचिन्हं मात्र हाताने द्यावी लागतात. आकडे आणि अर्जांची नावं हमखास चुकतात, तेवढी तपासायची. बोलताना ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ तोंडात येत नाहीत, हा वरचा फायदा.

शीर्षकात मराठीची एक खास अडचण आहे, ती म्हणजे सामान्यरूप. शोधणारा टाईप करतो ‘सातबारा’ आणि लेखात सगळीकडे असतं ‘सातबाऱ्यावर’, ‘सातबाऱ्यातली’. तो शोधतो ‘पुणे’, आपण लिहितो ‘पुण्यात’. गूगल थोडंफार सांभाळून घेतं, पण त्याच्या भरवशावर बसू नये. शब्दाचं मूळ रूप शीर्षकात एकदा आणि पहिल्या परिच्छेदात एकदा यायलाच हवं. ‘पुणे मिळकतकर: ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज कसा भरायचा’ हे शीर्षक रुक्ष आहे, कबूल. पण ‘पुणेकरांनो, हे वाचाच!’ यात शोधण्याजोगं काय आहे? लांब शीर्षक गूगल शेवटी कापतं, म्हणून कामाचे शब्द आधी. आणि लोक ‘मालमत्ता कर’ही म्हणतात, तर तो शब्दही लेखात कुठेतरी येऊ द्या.

आता लेखाचा पत्ता, म्हणजे लिंक. वर्डप्रेस (बरेच ब्लॉग ज्यावर चालतात ती प्रणाली) तो शीर्षकावरून आपोआप बनवतं आणि तिथेच घोळ होतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (काना, वेलांटी, हलन्तसुद्धा) पत्त्यात टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरांचं होतं. ‘पुण्यातील’ या एका शब्दात नऊ चिन्हं, म्हणजे ८१ अक्षरं. वर्डप्रेसची मर्यादा २००. ‘पुण्यातील मिळकतकर सवलत’ एवढ्यातच १८२ झाली, चौथ्या शब्दाचं जेमतेम एक अक्षर मावतं. शिवाय ही लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की चार-पाच ओळी नुसते टक्के आणि आकडे दिसतात आणि लोक ते व्हायरस समजून सोडून देतात. पत्ता रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा, प्रसिद्ध करण्याआधी हाताने लिहा.

अक्षरांचा दुसरा घोळ मजकुरातच असतो. ‘दुसऱ्या’ मधला ऱ हे युनिकोडमधलं (संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीतलं) स्वतंत्र अक्षर आहे. काही कीबोर्ड तिथे साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. दिसायला दोन्ही सारखेच, आतली अक्षरं वेगळी. ते अदृश्य चिन्ह कॉपी-पेस्टमध्ये गळालं की ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, रफार थेट य च्या डोक्यावर. ‘ॲप’चंही तसंच: कुणी एकसंध ॲ टाईप करतं, कुणी अ वर चंद्र देतं. शोधा-बदला केलं की त्यातले अर्धे शब्द सुटू शकतात. एक पद्धत ठरवा आणि तीच पाळा. डीटीपीवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाईल आली असेल तर ती युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढूनच घ्या, आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. मजकुराचा फोटो टाकणं तर सोडूनच द्या. फोटोतली अक्षरं शोधात येतील याची खात्री नाही आणि मोबाईलवर ती वाचवतही नाहीत.

मांडणीत फार काही नाही. अक्षर १८ पिक्सेलचं, ओळींमधलं अंतर १.६ ते १.७ पट. इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये (वेबसाईटच्या तयार साच्यात) ते कमी असतं, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. मजकुराच्या दोन्ही कडा सरळ रेषेत आणू नका, मोबाईलवर शब्दांत खिंडारं पडतात.

वाचक येतात ते बरेचसे व्हॉट्सॲपवरून. लिंकसोबत दिसणारं चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं आणि ३०० केबीच्या आत ठेवा, जड असलं तर कधी कधी येतच नाही. चित्रावरचे शब्द मधोमध, कारण छोट्या चौकोनात कडा कापल्या जातात. सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी लिंक स्वतःलाच पाठवून बघा.

महिन्याभराने गूगलचं सर्च कन्सोल उघडा, ते फुकट आहे. लोकांनी नेमके कोणते शब्द टाकले, लेख किती वेळा दिसला आणि किती जणांनी उघडला, हे तिथे कळतं. पुष्कळदा दिसतोय पण कुणी उघडत नाही, तर आधी शीर्षक बदला, मजकुराला हात लावू नका. लोकांचा एखादा शब्द लेखात नसेलच, तर त्याचं उत्तर देणारा परिच्छेद घाला.

सणांचे लेख तीन-चार आठवडे आधी टाका. उकडीच्या मोदकांची रेसिपी गणपतीच्या आदल्या रात्री टाकली तर गूगलला ती सापडेपर्यंत गौरी जेवून जातात. पालखीच्या दिवसांतले बंद रस्ते हा दरवर्षी शोधला जाणारा विषय. त्याच्या पत्त्यात साल घालू नका. पान तेच ठेवा, वाहतूक पोलिसांचं नवं पत्रक आलं की रस्ते बदला आणि वर बदलाची तारीख टाका.