हार्पर यांनी मत दिलंच नव्हतं

कोशाच्या कामात दिवसाचा बराचसा वेळ सनावळ्या आणि परक्या नावांचे उच्चार तपासण्यात जातो. त्या दिवशी कॅनडातले मूळ रहिवासी नेते एलायजा हार्पर यांची अनुवादित नोंद शेवटच्या प्रुफाला आली होती. फोटोखाली ओळ होती : ‘गरुडाचं पीस हातात घेऊन मीच लेक कराराविरुद्ध मतदान करताना’.

मीच लेक करार म्हणजे कॅनडाच्या राज्यघटनेत दुरुस्ती करण्याचा करार. पण तिथे मतदान झालंच नव्हतं. झालं असतं, तर मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेतल्या 57 आमदारांत हार्पर यांच्या एका मताने काही अडलं नसतं. तिन्ही पक्षांचे नेते ठराव सभागृहात आणायला तयार होते.

अडलं ते घड्याळामुळे. क्वेबेक प्रांताला वेगळी ओळख देणाऱ्या या घटनादुरुस्तीला क्वेबेकने 23 जून 1987 रोजी मान्यता दिली. तेव्हापासून तीन वर्षांत सगळ्या प्रांतांची मान्यता हवी होती, म्हणजे 23 जून 1990 पर्यंत. मॅनिटोबात ठरावाला आधी दोन दिवसांची सूचना लागते, मग जनसुनावणी, आणि बोलायला हजारोंनी नावं दिलेली. नियम बाजूला ठेवायचे तर सर्वसंमती हवी, एकानेही हरकत घेता कामा नये. 12 जूनला हार्पर ‘नाही’ म्हणाले आणि पुढेही म्हणत राहिले, कारण करार करताना मूळ रहिवाशांना कुणी विचारलंच नव्हतं. आपल्याकडे ‘होय’, ‘नाही’ म्हटलं की आवाजी मतदानच डोळ्यांसमोर येतं. अनुवादकाची चूक तिथेच झाली.

दुसरी चूक मात्र मला माफ करता येत नाही. ‘मॅनिटोबाच्या विधानसभेत निवडून आलेले पहिले करारबद्ध भारतीय’! मुळात ‘ट्रीटी इंडियन’, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी ब्रिटिश राजसत्तेशी तह केले ते लोक. शब्दामागे पैसे देणाऱ्या पद्धतीत कोशाचं वाटोळं होतं ते असं. मी तिथे ‘तहाखालील मूळ रहिवाशांपैकी पहिले’ असं केलं आणि त्याला लागून एक वाक्य वाढवलं : या लोकांना मॅनिटोबात मतदानाचा हक्कच 1952 साली मिळाला. ते वाचल्याशिवाय 1981 मध्ये रूपर्ट्सलँडमधून हार्पर निवडून आले याचं मोल कळत नाही. 1978 पासून ते रेड सकर लेकचे प्रमुख होते. (‘रेड सकर लेक’चं भाषांतर करू नये, ते गावाचं नाव आहे.) 1986 साली मंत्री झाले, 1992 मध्ये प्रांताचं राजकारण सोडलं, 1993 मध्ये चर्चिलमधून खासदार झाले आणि 1997 मध्ये हरले. ही सगळी कारकीर्द दोन ओळींत बसली.

फोटोखाली आता ‘नियम शिथिल करण्यास संमती नाकारताना’ असं आहे. ओळ एका कॉलममध्ये मावत नाही, म्हणून मांडणी करणाऱ्याने कुरकुर केली. मी फोटो बारीक करायला लावला.

‘हार्पर यांनी करार पाडला’ हे शेवटचं वाक्य मात्र अजून तसंच पडून आहे. शेवटी न्यूफाउंडलंड प्रांतानेही ठराव मताला टाकला नव्हता. मग ‘पाडला’ म्हणायचं, की ‘अडवला’?