डेबऱ्याला कधी पकडायचं

माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून पानठेला आहे. मधे टिनाचा एक पत्रा, त्यालाही दोन भोकं. मशीन थांबवली की पलीकडे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटल्याचा आवाजसुद्धा येतो, मग माणसांचं बोलणं तर येणारच. हलका धान कापून झालेला, भारी अजून बांधीत उभा, गावोगावी मंडईची, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेची, बॅनरं लागलेली, असे ते दिवाळीनंतरचे पंधरा दिवस. पत्र्यापलीकडे धानाच्या भावावर दहा मिनिटं बोलतात आणि कबड्डीवर रात्रीचे दहा वाजेपर्यंत.

यंदा विषय एकच होता, डेबऱ्या.

डेबऱ्या म्हणजे डावखुरा. नदीपल्याडच्या गावाचा रेडर, म्हणजे चढाई करणारा. मधे वैनगंगा. आमचं गाव ब्रह्मपुरीच्या बाजूचं, ते वडशाच्या. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली. जिल्हा वेगळा झाला, भांडण काही वेगळं झालं नाही. त्यांच्या मंडईत आमची टीम जाते, आमच्या मंडईत त्यांची येते, आणि गेली तीन वर्षं आमच्याच मैदानावरून आमच्याच नाकासमोरून कप तेच घेऊन जातात.

आता माझी अडचण. ते पल्याडचं गाव माझं माहेर आहे. डेबऱ्या आमच्याच गल्लीतला. मी कॉलेजात होते तेव्हा तो शेंबडा होता आणि आमच्या अंगणात लंगडी खेळायला यायचा. अजूनही ताई म्हणतो. त्यामुळे पत्र्याअलीकडून मी काही बोलले की पलीकडे आधी एक शांतता पसरते, मग कोणीतरी हळूच म्हणतं, "माहेरवाली बोलली."

पण मी बोलणारच. गोंडवाना विद्यापीठ २०११ ला निघालं आणि त्याच्या सुरुवातीच्या दिवसांत मी कॉलेजकडून कबड्डीत उजवा कोपरा, म्हणजे बचावातली उजव्या कडेची जागा, खेळले आहे. डावखुरा रेडर कुठल्या बाजूला येतो? उजव्या कोपऱ्यावर. म्हणजे अशा पोरी अंगावर घेण्यातच माझी दोन वर्षं आणि एक गुडघा गेला. आता आमच्या गावाचा उजवा कोपरा माझा देवर आहे. पोरगा ताकदीचा आहे, हाताची पकड लोखंडाची, पण घाई! पंगतीत पत्रावळ वाढायच्या आधी बसणारा माणूस.

तर पलीकडची चर्चा अशी. दूधवाल्याचं मत, बोनसचा गुण मारायला पाय आतल्या बोनस रेषेपलीकडे आला रे आला की अँकल, म्हणजे घोटा, धरायचा. पानठेलेवाला म्हणे, "अबे, तो पाय दाखोतेच त्यासाठी. तुमी वाकले का डोक्यावर टप्पल मारून वापस. घेऊ द्या ना त्याले बोनस. बोनसनं त्याचा मेलेला गडी जित्ता होते का?" हे खरंच आहे. हात लावून गुण घेतला तर त्यांचा बाद झालेला गडी आत येतो, बोनसवर कोणी येत नाही. पण दूधवाला रोज लिटरचा हिशोब ठेवणारा. तो म्हणाला, "आठ बोनस म्हंजे आठ पाइंट. गडी जित्ता नाही झाला तरी मॅच तर मेली ना."

मग माजी पोलीस पाटील बोलले. ते बोलायच्या आधी खर्रा थुंकून येतात, त्यामुळे कळतं की आता मोठं काहीतरी येणार. म्हणाले, "पाचच ठेवा आत."

बोनस मिळायला समोर सहा किंवा सात गडी लागतात. पाच असले की रेषा ओलांडली काय अन् नाही काय, सारखंच. तर पाटलांचं म्हणणं, आपले दोन गडी बाहेरच राहू द्यायचे, त्यांना जिवंत करायची घाई करायची नाही. डेबऱ्याचं निम्मं दुकान बंद. आणि तीनच उरले तर अजून चांगलं, तिघांनी पकडलं की सुपर टॅकलचे दोन गुण! यावर सगळे ओरडले की तिघांवरून लोण बसायला, म्हणजे सगळेच बाद व्हायला, किती वेळ लागते गा, लोणाचे वरून दोन कोणाच्या बापाचे? पाटलांना कोणी अडवलं की ते थेट बर्लिनला जातात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला कबड्डी करून दाखवली होती. गोष्ट खरी आहे आणि आम्हा वैदर्भीयांना तिचा अभिमानही आहे, पण तिचा पाच गडी ठेवण्याशी काय संबंध ते पाटलांनाच ठाऊक. दरवर्षी बर्लिन आलं की चर्चा संपते.

यंदा मी संपू दिली नाही. पत्र्याला कैचीनं टकटक केली आणि म्हटलं, "त्याले कसं पकडाचं हे सोडा. कधी पकडाचं ते बोला."

शांतता. माहेरवाली.

मी सांगितलं ते असं. कबड्डीत जो आधी बाद होतो तोच आधी आत येतो, मधे कोणाला घुसता येत नाही. तुम्ही पहिल्याच चढाईत डेबऱ्याला पकडला, गाव नाचलं, भोंग्यावाल्यानं त्याचं नाव तीनदा घेतलं. पुढच्या चढाईत त्यांच्या दुसऱ्या रेडरनं आपल्या एकाला हात लावला की डेबऱ्या परत आत. तो बाहेर बसला किती? एक मिनिट. आता उलटं करा. आधी त्यांचे दुसरे दोन गडी बाद करा, मग डेबऱ्याला धरा. आता तो रांगेत तिसरा. त्यांना तीन गुण मिळवावे लागतील तेव्हा तो आत येणार, आणि ते मिळवायचे कोणी, तर ज्यांना डेबऱ्याशिवाय चढाईची सवयच नाही त्यांनी. तोवर तो बोनस घेतो ना, घेऊ द्या. देवरानं दात-ओठ खात उभं राहायचं.

पाटील म्हणाले, "बायायची कबड्डी येगळी असते, वयनी."

मी म्हटलं, "२०१८ च्या एशियाडला जकार्तात इराणच्या बायांनी आपल्या बायांना फायनलमधे २७–२४ नं हरवलं. त्या इराणवालींची कोच कोण होती? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. एका बाईच्या डोक्यानं भारताचं गोल्ड गेलं, आणि तुमी येगळी म्हंता." पलीकडे नुसता खर्रा घोटल्याचा आवाज.

त्या संध्याकाळपासून देवराला घेऊन मी घरामागच्या वाडीत. तणस पसरलं, चुन्याऐवजी राखेची रेषा ओढली, पदर खोचला आणि मी डेबऱ्या झाले. शेजारणी कुंपणावर हात टेकून उभ्या. सासू म्हणाली, "गुडघ्याले काही झालं तर दवाखान्यात मी नाही येत." देवर सारखा माझ्या पुढच्या पायाकडे पाहायचा. सगळे तेच करतात. मी म्हटलं, पुढचा पाय खोटं बोलते, मागचा नाही बोलत. बोनस खरा घ्यायचा तर पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा हवेत पाहिजे. त्या वेळी माणूस एका पायावर असतो, आणि तो पायही तुझ्या दारात. तेव्हाच घोटा धर. पण नुसता दाखवायचा बोनस असेल तर मागच्या पायाची टाच जमिनीला चिकटलेली असते, कारण त्याला उलटं पळायचं असतं. टाच जमिनीवर, तर तू जागेवर. टाच उचलली, तर तू खाली. तिसऱ्या दिवशी त्यानं माझा घोटा असा धरला की मी तणसात तोंडावर. राखेची चव अजून आठवते. सासूनं चहा ठेवला, म्हणजे पास झाला.

सामन्याच्या रात्री थंडी पडली होती. मैदान मातीचंच, दुपारी पाणी मारून बसवलेलं. चारही बाजूंनी फोकस, मागे शेंगदाणेवाल्यांच्या गाड्या, बाया एका बाजूला सतरंजीवर. पंधरा-पंधरा मिनिटांचा खेळ. प्रो कबड्डी २०१४ ला टीव्हीवर आली तेव्हापासून आमच्याकडचा भोंगेवालाही "डू ऑर डाय" म्हणायला लागला आहे, म्हणजे सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्या, नाहीतर बाद. पूर्वी दमावर खेळ चालायचा, आता तीस सेकंदांवर.

पहिला हाफ सांगत नाही. बरं, सांगते. दुसऱ्याच मिनिटाला डेबऱ्यानं पाय दाखवला आणि देवरानं, टाच जमिनीवर असताना, झेप घेतली. पकडला! खरंच पकडला, मध्यरक्षकानं मागून डॅश दिला म्हणून. गाव उभं राहिलं. दूधवाला सतरंजीवर येऊन नाचला. दोन चढायांनी डेबऱ्या आत. मग देवराला चेव आला, पुन्हा झेप, या वेळी टप्पल. हाफटाइमला आम्ही ११, ते १७. त्यात डेबऱ्याचे नुसते बोनस सहा.

पाच मिनिटांच्या सुट्टीत मी दोरीच्या कडेला गेले. देवर पाणी पीत होता, माझ्याकडे पाहत नव्हता. मी एकच शब्द बोलले, "टाच."

दुसऱ्या हाफमधे आमच्या रेडरनं त्यांचा डावा कोपरा काढला, मग मधला एक. दोन बाहेर. डेबऱ्या आला. पाय दाखवला. देवर जागेवर. पुन्हा दाखवला. जागेवर. माझ्या बाजूची म्हातारी शिव्या घालायला लागली, "उभा कायले आहे हा, बुजगावण्यासारका!" डेबऱ्यानं बोनस घेतला नाही, घेता येतच नव्हता, कारण आमचे पाचच होते. (पाटील हे अजूनही सगळ्यांना सांगतात.) मग तो हात लावायला खोल आला, उजव्या कोपऱ्याकडे, मागची टाच उचलली आणि देवर खाली गेला. मी घोट्यावर मिटलेला त्याचा हात पाहिला. डेबऱ्या मधल्या रेषेकडे फरफटत गेला, वीतभर राहिली असेल. बनियान टर्रकन फाटली ते मला आवाजावरून कळलं. शिंपिणीचा कान.

आता डेबऱ्या रांगेत तिसरा. पल्याडवाल्यांना हात लावता येईना. त्यांचा अजून एक गेला, आत उरले तीन. आम्ही २७, ते २६. एक-दीड मिनिट बाकी.

आणि इथं अख्ख्या गावाची अक्कल गेली. माझीसुद्धा. "टाइम काढ! टाइम काढ!" मी सतरंजीवर उभी राहून ओरडत होते. आमच्या रेडरनं टाइम काढला. एक चढाई रिकामी. तिकडून त्यांची रिकामी. दुसरी चढाई रिकामी. तिकडून पुन्हा रिकामी. वीस सेकंद उरली आणि भोंगेवाला म्हणाला, "डू ऑर डाय!" आमची तिसरी. पंधरा दिवस आम्ही डेबऱ्याचे पाय मोजले, आपल्या रिकाम्या चढाया कोणी मोजल्या नाहीत.

तो गेला. समोर तीन. कोपऱ्याला हात लावायला झेपावला, तिघांनी साखळी केली, मधोमध धरला. सुपर टॅकल. दोन गुण. २७–२८. शिट्टी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पत्र्यापलीकडे गर्दी. पानठेलेवाल्याचं म्हणणं, त्यानं मध्यरेषेजवळ नुसतं उभं राहायला पाहिजे होतं. तिसरी रिकामी गेली तर आपण बाद, त्यांना एकच गुण, २७–२७, मग पाच-पाच चढाया, आणि त्यातही आपण जिंकलो असतो. दूधवाला म्हणे, जिंकत असलेला माणूस मुद्दाम बाद होते का? एका पोरानं मोबाइल काढला. २०२३ ला हांगझूच्या एशियाड फायनलमधे इराणविरुद्ध २८–२८ असताना पवन सेहरावत डू ऑर डायला कोणाला हात न लावताच लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला, इराणवाले त्याच्यामागे लॉबीत गेले, अन् मग किती वेळ पंचाईत चालली! "आपला रेडर लॉबीत गेला असता तर?" "तर पंच आपल्या गावचा नसता, एवढंच." पाटलांनी खर्रा थुंकला. मी मशीन सुरू केली, बर्लिन ऐकायचं नव्हतं.

माझं मत विचाराल तर उभं राहायचं. पण हे मला सुचलं रात्री दीड वाजता, अंथरुणात.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर गाडी थांबली. डेबऱ्या. हातात आईनं पाठवलेला डबा, वर कापडात गुंडाळलेली फाटकी बनियान. पत्र्यापलीकडे एकदम सगळं गप्प. काखेपासून कमरेपर्यंत शिवण उसवली होती आणि खाली कापडच फाटलं होतं. आतून पट्टी लावून दुहेरी टाके घालावे लागणार होते. तो स्टुलावर बसून पाहत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "मले तिसऱ्या लंबरावर बसवाचं डोकं कोणाचं होतं गा?"

दातात दोरा होता, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. शिलाईचे वीस रुपये त्याच्याकडून घेतले. देवराकडून कधी घेत नाही.