टानबाखचे दोन काठ

जर्मनीतल्या म्योडलारॉइट गावातून वाहणाऱ्या टानबाखला नदी म्हणायला कोणी धजावणार नाही. तो ओढाच आहे, आणि ओढ्यांमध्येही धाकटा. काही ठिकाणी तर धडधाकट माणूस त्याला एका ढांगेत ओलांडेल. दोन्ही अंगांना उतरत्या छपरांची शेतकऱ्यांची घरे, त्यांना लागून गोठे आणि धान्याची कोठारे, पलीकडे चढत गेलेली शेते आणि शेतांच्या कडेला सूचिपर्णी झाडांच्या गर्द रांगा. वस्ती जेमतेम चाळीस-पन्नास माणसांची. एवढ्याशा गावात ओढ्याच्या एका काठावर बव्हेरिया हे राज्य आहे आणि दुसऱ्या काठावर थुरिंगिया. आणि १९४९ ते १९९० या काळात तर ते नुसती दोन राज्ये नव्हते, एकमेकांवर शस्त्रे रोखून बसलेले दोन देश होते, पश्चिम जर्मनी आणि पूर्व जर्मनी.

तिथे जाण्याचे कारण अगदी घरगुती होते. माझा भाचा होफला शिकायला आहे. बर्लिनहून म्युनिकला निघाले की साधारण अर्ध्या वाटेवर हे शहर लागते आणि तिथल्या विद्यापीठात भारतीय मुले बरीच आहेत, त्यांत मराठीही ऐकू येते. या परिसराला जर्मन लोक थट्टेने बव्हेरियाचा सैबेरिया म्हणतात, कारण राज्यातल्या इतर भागांपेक्षा इथली थंडी अधिक कडक आणि मुक्कामाला अधिक चिवट असते. 'मावशी, इथे दाखवण्यासारखं फारसं नाही, पण एक भिंत आहे,' असे म्हणून भाच्याने मला म्योडलारॉइटला नेले. भिंत पाहायला गेलेली मी प्रत्यक्षात ओढ्यापाशीच जास्त वेळ रेंगाळले.

तिथे काठावर एक जुना सीमादगड आहे. एका अंगाला बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरे, दुसऱ्या अंगाला रॉइसच्या संस्थानाची. असे दगड इथे १८१० साली रोवले गेले, पण टानबाखची हद्द त्याहून जुनी आहे. सोळाव्या शतकापासून ओढ्याच्या अलीकडे बायरॉइटचा मुलूख आणि पलीकडे रॉइस घराण्याचा, अशी वाटणी चालत आली होती. पुढे बायरॉइट आधी प्रशियाकडे, मग फ्रेंचांकडे आणि १८१० मध्ये बव्हेरियाकडे गेले, तेव्हा नव्या मालकाने आपली हद्द दगडावर कोरून घेतली. (रॉइस घराण्याची एक गंमत इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाचे नाव हाइनरिश. केवळ राजांचे नव्हे, सगळ्यांचे. ओळखायचे ते आकड्यावरून. धाकट्या पातीत तर शतक उलटले की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होई. कुटुंबात बारसे म्हणजे फक्त हिशेबाचे काम असणार.)

या दगडांनी गावाचे काही बिघडवले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कर कोणाला भरायचा आणि फौजेत कोणाच्या जायचे एवढाच फरक. एरवी शाळा आणि गुत्ता पलीकडच्या काठावर, तर चर्चसाठी सगळ्यांनी बव्हेरियातल्या ट्योपन गावी जायचे. मुले सकाळी ओढा ओलांडून शिकायला जात, बाप संध्याकाळी तोच ओढा ओलांडून बिअर प्यायला जात आणि रविवारी सगळेच उलट दिशेने देवाच्या दारी जात. लग्ने काठ पाहून ठरत नसत, त्यामुळे जवळपास प्रत्येक घराचे सोयरे समोरच्या बाजूला होते. १९१८ नंतर राजे गेले, १९२० मध्ये छोटी संस्थाने एकत्र करून थुरिंगिया बनवले गेले, तरी ओढ्यावरची ये-जा तशीच राहिली.

मग ही निरुपद्रवी रेघ जीवघेणी कशी झाली? त्याचे उत्तर एका कंटाळवाण्या कागदात आहे. युद्ध संपल्यावर जर्मनीचे ताबे कसे वाटायचे हे दोस्त राष्ट्रांनी सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनला ठरवले, आणि नवी रेघ आखण्याची यातायात न करता बहुतेक ठिकाणी अस्तित्वात असलेल्या प्रांतांच्या हद्दीच उचलल्या. बव्हेरिया अमेरिकेकडे, थुरिंगिया सोव्हिएत रशियाकडे. १९४५ च्या वसंतात थुरिंगियात खरे तर अमेरिकन सैन्यच पोहोचले होते, पण जुलैच्या सुरुवातीला ते कराराप्रमाणे मागे सरकले आणि रशियन सैन्य पुढे आले. हाइनरिशांच्या आणि बायरॉइटकरांच्या वतनाची हद्द अशी जगाच्या दोन महासत्तांमधली हद्द होऊन बसली. लंडनच्या त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणाला टानबाखचे नाव तरी ठाऊक असेल, असे मला वाटत नाही.

सुरुवातीची काही वर्षे परवान्यावर निभावली. शेत पलीकडे असेल तर चिठ्ठी दाखवून जाता येई. घाव बसला तो १९५२ मध्ये. पूर्व जर्मनीच्या सरकारने मे महिन्यात हुकूम काढला : सीमेलगत दहा मीटरचा नांगरून ठेवलेला पट्टा, म्हणजे पाऊल उमटले की कळावे, त्यामागे पाचशे मीटरचा संरक्षित पट्टा, आणि त्यामागे पाच किलोमीटरचा निर्बंधित प्रदेश. ज्यांच्यावर भरवसा नाही अशा कुटुंबांना सीमेवरच्या गावांतून रातोरात उचलून आत हलवण्यात आले. म्योडलारॉइटमध्ये डोक्याहून उंच लाकडी फळ्यांचे कुंपण उभे राहिले, पुढे काटेरी तार आली आणि १९६६ मध्ये सातशे मीटर लांबीची, तीन मीटरहून उंच अशी काँक्रीटची पांढरी भिंत आली. अमेरिकन सैनिकांनी गावाचे नाव 'छोटे बर्लिन' असे पाडले. नाव चटपटीत आहे, पण पुरते खरे नाही. बर्लिनमध्ये लाखो माणसे होती, कॅमेरे होते, जगाचे लक्ष होते. इथे भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांच्या गाई ओळखणारी माणसे होती.

त्या काळातला सगळ्यात बोचरा नियम भिंतीचा नाही, हात हलवण्याचा आहे. बव्हेरियाच्या काठावर रोज बसने पर्यटक येत, चढावर उभे राहून पलीकडच्या अंगणात डोकावत आणि हात हलवत. पूर्वेकडच्या गावकऱ्याला हात हलवून उत्तर द्यायला मनाई होती. समोर उभा असलेला माणूस पर्यटक आहे की सख्खा भाऊ, याने काही फरक पडत नसे. १९८३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश इथे येऊन भिंत पाहून गेले. त्यांच्याकडेही पलीकडच्यांनी पाहिले नाही असेच दाखवले असणार. कपडे वाळत घालणाऱ्या बाईने ओळखीच्या माणसाकडे पाठ करून चिमटे लावत राहायचे, आणि वर्षानुवर्षे राहायचे, हा प्रकार मला काटेरी तारेपेक्षा जास्त क्रूर वाटतो. तार निदान आपण तार आहोत हे लपवत नाही.

नियमांना स्वतःचे एक तर्कट असते, तेही इथे दिसते. १९७३ पासून सीमेजवळच्या पश्चिम जर्मन रहिवाशांना पूर्वेकडच्या जवळच्या जिल्ह्यांत जाण्याची सवलत मिळाली, पण निर्बंधित पट्टा त्यातून वगळलेला होता. म्हणजे बव्हेरियाच्या काठावरचा माणूस लांबच्या नाक्याला वळसा घालून आतल्या एखाद्या गावात जाऊ शकत होता, फक्त समोरच्या घरात जाऊ शकत नव्हता. समोरच्या मावशीला भेटायचे तर तिने आतून निघायचे, ह्याने बाहेरून शिरायचे आणि दोघांनी तिसऱ्याच गावी कॉफी प्यायची.

आणि तरीही म्योडलारॉइट नशीबवान म्हणायला हवे. सीमेलगतची काही पूर्वेकडची गावे नजर ठेवायला अडचणीची म्हणून पाडूनच टाकली गेली. बिलमुटहाउझेन १९७८ मध्ये असेच रिकामे करून जमीनदोस्त झाले. म्योडलारॉइट निदान उभे राहिले, अर्धे-अर्धे का होईना.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली हे सगळ्यांना पाठ असते. म्योडलारॉइटमध्ये पायी जाण्यापुरती वाट उघडली ती ९ डिसेंबरला, बरोबर महिन्याने. मधला महिनाभर पलीकडचे लोक पॅरिसला जायला मोकळे होते, पण ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याकडे जायचे तर दूरच्या नाक्यावरून गाडी घालावी लागे. पुढच्या वर्षी १७ जूनला भिंतीचा बराचसा भाग यंत्राने पाडला गेला. साधारण शंभर मीटरचा तुकडा, टेहळणीचा मनोरा आणि नांगरलेला पट्टा मुद्दाम राखून ठेवले असून तिथे आता खुले संग्रहालय आहे. भिंतीजवळ उभे राहिले की ती किती सामान्य आहे हेच आधी जाणवते. खरबरीत काँक्रीटवर पांढरा रंग, जोडांच्या फटीत शेवाळ, पायथ्याशी खाजरी झुडपे. एखाद्या कारखान्याचे आवार संपते तिथे असावी अशी. पांढरा रंग मात्र शोभेसाठी नव्हता. रात्रीच्या प्रकाशझोतात भिंतीसमोर हलणारा माणूस काळा ठळक दिसावा यासाठी होता.

'गाव पुन्हा एक झाले' असे इथे येणारा जो तो म्हणतो. माझ्या मते तसे काही झालेले नाही. गाव १८१० मध्ये होते तसे परत झाले आहे, आणि ते पुरेसे आहे. ओढ्याच्या अलीकडचे म्योडलारॉइट ट्योपनच्या कारभारात, पलीकडचे गेफेल नगराच्या. त्यामुळे चाळीस-पन्नास माणसांना दोन महापौर, दोन पिनकोड, दोन दूरध्वनी संकेतांक. एका अंगणातल्या गाडीला होफची नंबरप्लेट तर समोरच्या अंगणातल्या गाडीला झाले-ओर्ला जिल्ह्याची. जिल्हे वेगळे म्हणून कचऱ्याची गाडीही वेगळी. शिक्षण हा राज्यांचा विषय असल्यामुळे मुलांच्या शाळा वेगळ्या आणि उन्हाळी सुट्ट्यांच्या तारखाही वेगळ्या. बव्हेरियाची मुले ऑगस्टभर हुंदडतात, तर पलीकडची काही वर्षी तोवर दप्तर भरून शाळेत गेलेलीही असतात. दोन्ही काठ जोडून एकच प्रशासन करावे असा विचार बाहेरच्यांना हटकून सुचतो. त्यासाठी दोन राज्यांना आपली हद्द हलवावी लागेल, आणि एवढ्याशा गावासाठी ती खटपट करण्याची निकड कोणाला असेल असे दिसत नाही. ज्या हद्दीवर कोणी पहारा देत नाही, तिचा माणसाला फारसा त्रास होत नाही.

फक्त सणासुदीला थोडी तारांबळ उडते. हा सगळा पट्टा मुख्यतः प्रोटेस्टंट. पण राज्याच्या सुट्ट्या राजधानीत ठरतात. ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा दिवस, म्हणजे ३१ ऑक्टोबर, थुरिंगियात सुट्टीचा, बव्हेरियात कामाचा. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, कॅथलिकांचा सर्व संतांचा दिवस; त्याची सुट्टी बव्हेरियाला, थुरिंगियाला नाही. म्हणजे बव्हेरियाच्या काठावरचा प्रोटेस्टंट ल्यूथरच्या दिवशी कामाला जातो आणि संतांच्या दिवशी घरी बसतो. त्यात कायद्याप्रमाणे सुट्टी लागू होते ती घर कुठे आहे यावरून नव्हे, काम कुठे आहे यावरून. थुरिंगियाकडून होफला नोकरीला येणारी माणसे पुष्कळ आहेत. अशा घरी ३१ तारखेला मुले सुट्टी म्हणून घरात आणि आई-बाप कामावर. दुसऱ्या दिवशी आई-बाप घरात आणि मुले शाळेत. पहिल्या दिवशी मुलांकडे कोण पाहणार, हा प्रश्न मी भाच्याला विचारला, तर तो म्हणाला, 'आजी असते ना.' आजी कोणत्या काठावरची, हे त्याला सांगता आले नाही.