कोटीपोटातली भाऊबंदकी

लग्नसराईत माझा फोन पहाटेच वाजायला लागतो. आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात पंगत उठली की उरलेल्या बट्ट्या, भात, बुंदी टोपल्या भरभरून गोठ्यात जातात. अन्न वाया जाऊ नये, हेतू चांगलाच. मग दुसऱ्या दिवशी कुणी आप्पा सांगतात, "डॉक्टरभाऊ, म्हैस चारा खास नही, रवंथ बी करस नही." जाऊन बघावं तर म्हैस मान टाकून बसलेली. डावी कूस दाबली की आत पाणी डचमळतं. शेण पातळ, वास आंबूस.

नळीने कोटीपोटातलं, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातलं, पाणी काढतो आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. निरोगी म्हशीच्या थेंबात नुसती झुंबड असते. केसाळ आदिजीव, मोठे, मधले, बारके, एकमेकांना ढुशा देत गरगर फिरतात. या थेंबात सगळं थंड. सामू (पीएच) सहा-सातच्या घरात हवा, तो पाचच्या खाली उतरलेला. झालेलं असं असतं की कडबा पचवणारे जिवाणू सावकाश वाढतात, पण पिठूळ खाणं भसकन आत गेलं की स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस या जिवाणूचं फावतं. पोषक परिस्थितीत हा गडी वीसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. तो लॅक्टिक आम्ल ओतत सुटतो आणि बाकीच्यांचा जीव जातो.

खायच्या सोड्याने आम्ल मारता येतं. मेलेली वस्ती मात्र सोड्याने परत येत नाही. म्हणून निरोगी जनावराच्या कोटीपोटातलं चार-पाच लिटर पाणी काढून, गाळून हिला पाजायचं. माझे आजोबा तर गाईच्या तोंडातली रवंथ बोटांनी काढून आजारी बैलाच्या तोंडात सारायचे. शिकलेले नव्हते, पण काम तेच.

ते पाणी शक्यतो त्याच गोठ्यातल्या जनावराचं घ्यावं, यावर मी अडून बसतो. लोकांना वाटतं जिवाणू म्हणजे जिवाणू, कुठलेही चालतील. तसं नाही. पोटातले जिवाणू यजमानाच्या हयातीतच बदलत राहतात. पोर्तुगालमध्ये इसाबेल गोर्डो यांच्या गटाने उंदरांना ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू पाजले, सगळे एकाच वाणाचे. ते काम 2014 मध्ये छापून आलं. काही दिवसांतच, एकामागून एक उंदरात, गॅलॅक्टिटॉल ही साखरेच्या जातीची वस्तू वापरणारी जनुकं बिघडलेले जिवाणू वरचढ झाले. बिघाड वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या जिवाणूंत, पण जनुकांचा गठ्ठा तोच. म्हणजे त्या पोटात ते हत्यार बाळगण्यापेक्षा टाकून देणं फायद्याचं होतं! एका बापाची लेकरं, एकाच घरात वेगळी झाली आणि एकमेकांवर कुरघोडी करू लागली. आपल्याकडची बांधावरची भाऊबंदकी दुसरी काय असते? कोर्टात तीन पिढ्या चालणारा दावा तिथे आठवड्यात रंगात येतो, आणि बऱ्याचदा कुणी एकच जिंकत नाही, चार शाखा बरोबरच वाढतात. निरोगी माणसांच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या जिवाणूमध्येही हेच सापडलं आहे. खाण्यातल्या गुंतागुंतीच्या शर्करा आत ओढणारी जनुकं त्यात पुन्हा पुन्हा बदललेली दिसतात.

माझ्या धंद्यातलं लाडकं उदाहरण मात्र सुबाभळीचं. आपल्या बांधांवर ती आहेच, शेळ्या तुटून पडतात. तिच्यात मिमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं. कोटीपोटात त्याचं डीएचपी हे दुसरं द्रव्य होतं आणि ते थायरॉइडला बाधतं. केस गळतात, गळ्याशी गाठ येते, जनावर खंगतं. ऑस्ट्रेलियात हे व्हायचं, हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन मजेत! रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला शंका आली की फरक शेळीत नाही, तिच्या पोटातल्या वस्तीत आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईच्या शेळीतले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि त्रास थांबला. डीएचपी मोडणाऱ्या त्या जिवाणूला 1992 मध्ये जोन्सच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्साय म्हटलं गेलं. शेळी तीच, पाला तोच. विषाचं खाद्य करणारी जिवाणूंची जात एकीच्या पोटात होती, दुसरीच्या नव्हती.

हल्ली पाकिटातली जिवाणूंची पावडर गावोगाव विकायला येते. वाईट नसते, किरकोळ अपचनाला मीही देतो. पण दादर ज्वारीचा कडबा, सरकीची ढेप आणि केळीचे खांब खाऊन घडलेली वस्ती पाकिटात कशी येणार? म्हैस अशी आडवी झाली असेल तर मी शेजारच्या दावणीकडेच वळतो. देणारं जनावर तेवढं धडधाकट हवं, त्याला नुकतीच अँटिबायोटिक दिलेली नकोत, आणि काढलेलं पाणी कोमट आहे तोवर पाजायचं. चहा नंतर.