लेक पार्कची नोंदवही: फावडे बाजूला ठेवून झालेली प्रगती

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात पुरल्याचे मानल्या जाणाऱ्या पेटीसंबंधी मागील नोंदीनंतर झालेल्या कामाचा हा वृत्तान्त आहे. बायरन प्राइस यांच्या १९८२ सालच्या ‘द सीक्रेट’ या कोडेपुस्तकातील चित्रे आणि कविता यांवरून जमिनीत पुरलेल्या बारा पेट्या शोधायच्या असतात आणि पेटी सापडल्यास रत्न मिळते. या बारांपैकी आजवर तीनच हाती लागल्या: १९८३ मध्ये शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये, २००४ मध्ये क्लीव्हलँडच्या ग्रीक कल्चरल गार्डनमध्ये आणि २०१९ मध्ये बॉस्टनच्या लँगोन पार्कमध्ये. उरलेल्या नऊंपैकी एक मिलवॉकीत, मिशिगन सरोवराच्या काठावरील लेक पार्कमध्ये असावी, यावर आपल्यापैकी बहुतेकांचे एकमत आहे. अडचण अशी की, हे एकमत रात्री फावडी घेऊन येणाऱ्यांपर्यंतही पोहोचले आहे.

बर्फ वितळून जमीन मोकळी होताच केलेल्या पहिल्या फेरीत दरीलगतच्या एका जुन्या ओकच्या बुंध्याशी बुजवलेला खड्डा दिसला. खणणाऱ्याने हिरवळीचा थर कापून बाजूला ठेवण्याचेही कष्ट घेतले नव्हते. काळी माती तळाला गेली होती, खालची फिकट चिकणमाती वर आली होती आणि तिच्यात बोटाएवढ्या जाड मुळांची तुटलेली टोके पांढरी पडून उभी होती. झाडाला पाणी आणि अन्न पुरवणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या फूट-दीड फुटातच पसरलेली असतात आणि आपली पेटी सुमारे तीन फूट खोल असल्याचे मानले जाते. म्हणजे प्रत्येक चुकीचा खड्डा हा थर संपूर्ण कापूनच खाली जातो. पेटी त्या ओकखाली असण्यास काही आधार होता का, असे विचारावे, तर मिलवॉकीच्या पेटीच्या कवितेत ओकचा उल्लेखच नाही.

कवितेतील शेवटची वाट सर्वांना पाठ आहे: ब्याण्णव पायऱ्या, पुलाखालच्या मोरीचा पायथा, तेथून आग्नेयेस शंभर पावले, मग पांढरट सालीची कोवळी बर्चची झाडे आणि अखेरीस एका उंच झाडाची दक्षिण बाजू. यंदा या शंभर पावलांचे गणित नीट मांडले. एक पाऊल अडीच फुटांचे धरले, तर अंतर अडीचशे फूट होते. पावलाच्या लांबीत दहा टक्के आणि दिशेत दहा अंश इतकीच चूक दोन्ही बाजूंना गृहीत धरली, तरी शोधायची जागा सुमारे चार गुंठे निघते. दोन फूट लांब-रुंद खड्डे घेत हे क्षेत्र पालथे घालायचे म्हटल्यास हजारावर खड्डे लागतील. त्यातच, होकायंत्राची सुई तेथे १९८०च्या सुमारास खऱ्या उत्तरेच्या जवळपास होती आणि आज ती तीन-चार अंश पश्चिमेकडे झुकते. त्यामुळे आजच्या होकायंत्रावरून ही दुरुस्ती न करता चालणारा माणूस अडीचशे फुटांवर सुमारे पंधरा फूट बाजूला जातो. त्यामुळे खणून शोधणे ही मुळात शोधाची पद्धतच नव्हे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

खरा पेच झाडांचा आहे. अमेरिकेच्या या भागात बर्च फार काळ टिकत नाही. खोडकिडा त्याला पोखरतो आणि १९८२ ची कोवळी झाडे आज उभी असण्याची शक्यता अल्प आहे. म्हणून यंदाचा बहुतेक वेळ उद्यानाऐवजी हवाई छायाचित्रांवर गेला. आग्नेय विस्कॉन्सिनच्या प्रादेशिक नियोजन आयोगाने दर पाच वर्षांनी असे चित्रण करून घेतले असून त्यातील १९८० आणि १९८५ ही वर्षे आपल्या तारखेच्या दोन्ही बाजूंना अचूक येतात. दोन्ही पत्रके क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत एकमेकांवर बसवताना पूल आणि नॉर्थ पॉइंट दीपगृह हे स्थिर बिंदू धरले. पुलाच्या आग्नेयेस, दोन्ही वर्षांत दिसणाऱ्या पण आज रिकाम्या असलेल्या जागी, बारीक सावल्यांचा एक पुंजका आढळतो. तो बर्चचाच होता, असा दावा मी करत नाही. मात्र चार गुंठ्यांतील पाऊण भाग त्यामुळे तूर्त बाजूला ठेवता आला.

मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या मित्रांसाठी एक सूचना: पेटीच्या आतला करंडा सिरॅमिकचा आणि बाहेरची पेटी पारदर्शक प्लास्टिकची आहे. यंत्राने दाखवलेली जागा म्हणजे बाटलीचे झाकण, नाणे किंवा पाण्याच्या नळाचा सांधा असणार.

लेक पार्कमध्ये आदिवासींनी उभारलेला एक प्राचीन मातीचा उंचवटा अद्याप टिकून आहे. शहराच्या हद्दीत उरलेला तो शेवटचा मानला जातो आणि विस्कॉन्सिनच्या कायद्याने दफनस्थळांना संरक्षण आहे. त्याच्या आसपास सळई खुपसणेही टाळावे. यलोस्टोनमधील जुन्या लष्करी दफनभूमीत फॉरेस्ट फेन या संग्राहकाने लपवलेल्या खजिन्यासाठी खणणाऱ्या एकाला २०२१ मध्ये सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. विशेष म्हणजे, तो खजिना २०२० मध्ये वायोमिंगमध्ये दुसऱ्याच कोणाला सापडला होता. याच लेक पार्कमध्ये २०१६ मध्ये पोकेमॉन गो या मोबाइल खेळाची झुंबड उडाल्यावर काउंटीने (स्थानिक प्रशासनाने) अशा खेळांच्या निर्मात्यांना परवाना बंधनकारक केला होता आणि २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे त्याला मनाई दिली. फावड्याला ते स्वातंत्र्य लागू पडेल, अशी आशा कोणी बाळगू नये!

अनुकरण करण्याजोगा नमुना बॉस्टनचा आहे. तेथे मैदानाचे नूतनीकरण सुरू होणार असल्याचे हेरून शोधकाने बांधकाम करणाऱ्यांशीच संपर्क साधला आणि करंड्याचे तुकडे त्यांच्या यंत्राच्या खोदकामात वर आले. प्राइस यांचे निधन २००५ मध्ये झाले असले, तरी त्या शोधाचे रत्न कुटुंबीयांनी दिले. त्याच धर्तीवर मी अर्जाचा मसुदा तयार केला आहे: एकच जागा, मोजमापासह नकाशा, हाताने खोदाई, हिरवळ आणि मातीचे थर होते त्याच क्रमाने परत बसवण्याची हमी, उद्यान कर्मचाऱ्याची उपस्थिती आणि खोदाईपूर्वी तीन कामकाजाचे दिवस आधी ८११ या खोदाईपूर्व सूचनेच्या क्रमांकावर फोन करून भूमिगत वाहिन्यांच्या खुणा करून घेणे. पुंजक्याची जागा दुसऱ्या पुराव्याने पक्की झाल्याखेरीज तो सादर करणार नाही. तोवर इतरांनीही त्या बाजूस मोजपट्टीखेरीज काही नेऊ नये, ही विनंती.

तो दुसरा पुरावा जुन्या आल्बममध्ये असू शकतो. १९७८ ते १९८६ या काळात मिलवॉकी किंवा शिकागो परिसरात राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी लेक पार्कमध्ये सहलीला गेले असल्यास, आईवडिलांच्या संग्रहातील छायाचित्रे पाहावीत आणि पाठीमागे पूल किंवा पांढरट सालीची झाडे दिसत असतील, तर चित्राची मागची बाजूही स्कॅन करून पाठवावी, कारण तारीख बहुधा तेथेच लिहिलेली असते. मूळ प्रत घरीच ठेवावी.